बारापैकी सात

यावल

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणालो, कारण सून जवळच बसली होती. तिला माझ्या आजाराचं अजून माहीत नाही. खरं ते पत्रात लिहितो.

जळगावला महिन्याच्या गोळ्या आणायला गेलो होतो. रिपोर्ट नेहमीसारखा फर्स्टक्लास, रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडत नाही. पिशवी उचलून निघणार, तर फिजिओथेरपीवाली एक नवी पोरगी म्हणाली, "काका, जरा उठून-बसून दाखवता?" वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळा हिशोब रक्तातल्या पेशींचाच.

आधी कागद भरला. कपडे स्वतः घालता? जिना चढता? मी सगळ्याला हो. (सदऱ्याची वरची गुंडी ही लावून देते, ते कोण सांगतं!) मग तिने घड्याळ काढलं, आणि फुशारकी संपली. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. तीनदा झोकात उठलो, चौथ्याला मांड्या थरथरल्या, पाचव्याला कसाबसा. १७ सेकंद. ४ मीटर चालायला साडेपाच. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभं राहायचं, तर सहाव्यालाच भिंत धरली. तिन्ही मिळून बारापैकी सात मार्क! मूठ दाबायचं यंत्र २२ किलोवर अडलं. पुरुषाची मूठ २८ च्या खाली म्हणजे कमजोर म्हणे. केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा हात हा.

या आजारात पन्नाशीनंतर वयस्कर धरतात. गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, पण अंगात बारीक दाह चालूच राहतो, स्नायू लवकर झिजतात. वर ती जुनी गोळी, स्टॅव्हुडिन. गाल बसले ते तिनेच, आणि तळपायाला मुंग्या अशा की चप्पल निसटली तरी कळत नाही. तोल तिथेच जातो. शिव्या तरी कशा देऊ? २००४ ला सरकारने गोळ्या फुकट सुरू केल्या, पुढच्या वर्षी मी रांगेत लागलो, म्हणून आज हे लिहितोय. राग येतो तो इथल्या डॉक्टरचा. दोन वर्षं पाय लटपटतात म्हणून सांगतोय, तर "वय झालं".

एक मात्र पटलं नाही, ती खुर्ची. आपलं सगळं जमिनीवर. पंगतीतून उठणं, एसटीची पहिली पायरी, ते कोण मोजणार? तिला तसं बोललोही. हसली, आणि मला खाली बसवून उठायला लावलं. टेबल धरून उठलो. तिने लिहून घेतलं, पण त्याला मार्क नाहीत.

आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठतो, ही मोजते. शाळेतल्या उठाबशा तुझ्यापायी काढल्या, या माझ्या स्वतःच्या. रोज एक अंडं, डाळ घट्ट. तीन महिन्यांनी परत घड्याळ.

थंडी पडलीय, भरताची वांगी आलीत. पुढच्या रविवारी मळ्यात ये, तुराट्या जमवून ठेवल्यात. बसू खालीच, केळीच्या पानावर. उठताना समोरून हात दे फक्त, आणि सुनेपुढे काही बोलू नको.

तुझाच,
मी