ख्रिस्ती मौनप्रार्थना उसनी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ध्यानाच्या निरनिराळ्या परंपरांवर जो लेख आला, त्यात ख्रिस्ती मौनप्रार्थनेची ओळख ‘ख्रिस्ती विपश्यना’ अशा दोन शब्दांत उरकली आहे आणि ही पद्धत चर्चने अलीकडे पूर्वेकडून उचलली, असेही सुचवले आहे. लेखकाच्या सद्भावनेबद्दल शंका नाही. मात्र त्यामुळे विपश्यना आणि ही प्रार्थना अशा दोघींवरही अन्याय होतो, म्हणून हे पत्र.

विपश्यनेत साधक श्वासाकडे आणि शरीरावरील संवेदनांकडे तटस्थपणे पाहतो; तिथे मंत्र नाही, नाम नाही, ग्रंथही नाही. याउलट मी ज्या प्रार्थनेविषयी लिहीत आहे, ती ग्रंथ उघडल्याशिवाय सुरूच होत नाही. लॅटिनमध्ये तिला ‘लेक्सिओ दिव्हिना’, म्हणजे पवित्र वाचन, म्हणतात; वाचायचा तो ग्रंथ बायबल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात शेतीकामाच्या वेळांबरोबरच या वाचनाच्या वेळाही नेमून दिल्या आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाने एकेक ग्रंथ घ्यावा आणि तो पहिल्या पानापासून क्रमाने पूर्ण वाचावा, असे त्यात सांगितले आहे. शिवाय वाचनाच्या वेळी कोणी आळसात किंवा गप्पांत रमलेले नाही ना, हे पाहत एकदोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी, अशीही तजवीज आहे. माणसाचे मन तेव्हाही पुस्तकावर फार वेळ ठरत नसावे.

पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन या एकांतप्रिय संन्यासी संघाच्या मठाचे प्रमुख दुसरे गिगो यांनी या प्रार्थनेच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. त्यांचा दृष्टांत जेवणाचा आहे. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच. मननासाठी मठांत रूढ असलेला लॅटिन शब्द ‘रुमिनासिओ’ म्हणजे शब्दशः रवंथ. गोठ्यात गुरे पाहिलेल्या आमच्या वसईकरांना यावर भाष्याची गरज पडू नये: चारा घाईने खाऊन झालेला असतो, खरे काम सावलीत बसल्यावर चालते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी निवृत्त शिक्षक असून गेली बारा वर्षे पहाटे अर्धा तास असा बसतो. एके वर्षी संपूर्ण उपवासकाळ बायबलमधील तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीवर गेला: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ पहिले काही दिवस मेंढपाळच डोळ्यांसमोर होता. नंतर ‘उणे’ या शब्दाशी अडलो. हा शब्द आपल्या हिशेबातला, घरात किराणा संपल्यावर येणारा. माझ्या आयुष्यात काय काय उणे राहिले, याची यादी मनात आपोआप तयार होऊ लागली. त्यातले पुष्कळसे उणेपण शेजाऱ्याच्या घराकडे पाहून ठरवलेले होते, हे लक्षात यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर देवाशी जे बोलणे झाले ते माझ्यापाशीच राहो. शेवटी बोलणेही थांबले. मौन येते ते असे, शब्द मुरल्यावर. मन रिकामे करा म्हटल्याने माझे तरी कधी झाले नाही.

पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे. तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदात पुटपुटण्याचाही अर्थ आहे. बायबलमधीलच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तेच क्रियापद पारव्याच्या घुमण्यासाठी आणि सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आले आहे. म्हणजे या मौनाच्या मुळाशीही ओठांची हालचाल आहे. आपल्याकडील नामस्मरणाशी तिचे नाते जरूर दाखवावे, पण नाते दाखवणे वेगळे आणि उसनवारी ठरवणे वेगळे.

भारतीय साधनेचा प्रभाव ख्रिस्ती प्रार्थनेवर पडलाच नाही, असा माझा दावा नाही. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात ‘साधना’ संस्थेद्वारे श्वास व देहभान यांचा प्रार्थनेत मोकळेपणाने उपयोग केला. त्यांच्या निधनानंतर १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत सावधगिरीची सूचना काढली, हेही खरे. तो वाद मोठा आहे, पण तो गिगोंनंतर सुमारे आठशे वर्षांनी उभा राहिलेला आहे.

आमच्या भाविकांच्या हाती ग्रंथ उशिरा आला, ही खरी अडचण होती. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व श्रद्धावंतांना बायबल प्रार्थनापूर्वक वाचण्याचे आवाहन केले. तोवर कॅथलिक घरांतली प्रार्थना मुख्यतः जपमाळेची होती. पंडिता रमाबाईंनी त्याआधीच केडगावात मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर केले होते, आणि आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. घरात सामवेदी ही वसईची बोली बोलणाऱ्या माझ्यासारख्याला प्रमाण मराठी किंचित परकी वाटते, तरी त्यामुळेच मी प्रत्येक शब्दापाशी थांबतो, हा माझा फायदा.

जाता जाता आमच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंना व गायकवृंदांना एक विनंती. मिस्साविधीच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासनेच्या, नियमावलीतच वाचनांनंतर आणि प्रवचनानंतर थोडे मौन पाळावे असे सांगितले आहे. प्रत्यक्षात वाचक खाली बसायच्या आत पेटीचा सूर लागतो. येत्या उपवासकाळात निदान रविवारच्या मिस्सात ती दोन मिनिटे आम्हाला मिळावीत, आणि तेवढ्या वेळापुरता ध्वनिक्षेपकही बंद असावा.

आपला,
एक वाचक, वसई (जि. पालघर)