भोपळा न बांधता

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाने फोनवर अर्धवट सांगितलंच आहे. "बेबी पोहणार, सायकल मारणार आणि वर पळणार" हे ऐकून आईने जे काही म्हटलं, ते त्याने मला हुबेहूब करून दाखवलं. म्हणून आता नीट लिहिते.

शर्यत कोल्हापुरात आहे, राजाराम तलावावर. 750 मीटर पोहायचं, बाहेर येऊन 20 किलोमीटर सायकल, सायकल ठेवली की 5 किलोमीटर पळायचं. अशा तिहेरी शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात, आणि तिच्या या छोट्या प्रकाराला स्प्रिंट. गोव्यात मिरामारला होते ती आयर्नमॅन 70.3, तिच्यात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि वर 21 किलोमीटर पळणं. तिच्या वाटेला मी जात नाही, निश्चिंत राहा.

सायकलचं मला काही वाटत नाही. बाबा, तुम्ही बिनगिअरच्या सायकलला डबा लटकवून वर्षानुवर्षं शाळेत गेलात, तेव्हा त्याला कुणी व्यायाम म्हटलं नव्हतं. अवघड आहे ते सायकलवरून उतरून पळणं. पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. म्हणून रविवारी वारज्याहून खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं आणि हेल्मेट काढून लगेच दोन किलोमीटर पळायचं. पहिल्या वेळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने विचारलं, ताई, पायाला लागलंय का?

पोहण्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

मळ्यातली विहीर आठवा. दादाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तुम्ही त्याला ढकललंत, तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढच्या उन्हाळ्यात तो वरून मुटका मारायला लागला. मी पायरीवर त्याचा सदरा आणि बाबांचं घड्याळ धरून बसायचे. घड्याळ भिजवू नकोस, एवढंच मला सांगितलेलं. मला शिकवा, असं मी कधी म्हटलं नाही, आणि शिकायचंय का, असं कुणी विचारलंही नाही. भांडायला लिहीत नाही. पण बेचाळिसाव्या वर्षी टँकच्या उथळ बाजूला, पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रांगेत कठडा धरून पाय मारताना तुमचा थोडा राग आला होता. तोही लिहून टाकते.

पहिला महिना 25 मीटर गेलं की धापा. दम पुरत नाही असं वाटायचं. सर म्हणाले, दम पुरतोय, तुम्ही तो कोंडून धरताय. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवली की फक्त आत घ्यायचं उरतं. एवढंच होतं. मग चार फेऱ्या झाल्या, मग दहा. 750 मीटरच्या तीस होतात. दिवाळीनंतर एका सकाळी तीस झाल्या, मोजताना चुकले असेन म्हणून आणखी दोन मारल्या.

मग आम्ही खऱ्या तलावात उतरलो. टँकच्या तळाशी काळी रेघ असते, ती बघत सरळ जाता येतं. तलावात खाली नुसता हिरवट काळोख, आपलाच हात दिसेना. सात-आठ हात मारले की डोळे वर काढून समोरचा नारिंगी फुगा बघायचा, नाहीतर माणूस भलतीकडे जातं. मी भलतीकडेच गेले. पायाखाली किती पाणी असेल, असं मनात आलं आणि छातीत धस्स झालं. हात चालेनात. आणि कानात आलं, "ढिलं सोड अंग, पाणी उचलतंय तुला!" बाबा, तुमचाच आवाज. दादाला ओरडून सांगायचात ते. शिकवणी त्याची होती, पण पायरीवर बसून सगळी मीच ऐकली होती. उताणी झाले, आभाळ बघत पडून राहिले. मग परत वळून फुगा शोधला.

आई, तुझ्यासाठी: पाण्यात बचावाच्या होड्या असतात. दमलं तर होडी धरून थांबलेलं चालतं, तिने पुढे ओढून न्यायचं नाही, एवढाच नियम. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावला तर दंड, म्हणजे डोक्याचीही काळजी घेणारे तिथे आहेत. शर्यतीत ताकदीसाठी खातात ते दुकानातलं चिकट जेल मला जात नाही, तुझे शेंगदाण्याचे लाडू लागतील. लहान वळ, सायकलवर एका घासात गेले पाहिजेत.

दादा तुम्हाला रविवारी पहाटे साडेपाचला घेऊन येईल. थंडी असेल, बाबांची कानटोपी विसरू नका. कितवी येणार ते विचारू नका, शेवटच्या दहात असेन.

बाबा, पाण्यात उतरताना चष्मा आणि घड्याळ तुमच्याकडे देईन. भिजवू नका.

तुमची,
बेबी

ता. क. गुडघ्याचं तेल पाठवू नका. मागची बाटली अजून तशीच आहे.