खिळा कानाला लावून जुळवत नाहीत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, तेव्हा हे पत्र तुमची नातच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडायचे नाहीत. पण तोंडावर मानले असते तर तुम्ही 'चहा घेतेस का' म्हणून विषयच बदलला असता.

त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि मी जिन्यात मोबाइल घेऊन तोंड पाडून बसले होते. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे रोज वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन टाकतात. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा संधी. मी आधी 'साउथ' टाकला, तर शेवटची दोन अक्षरं पिवळी, म्हणजे शब्दात आहेत पण जागा चुकलेली. मग 'लाइट' टाकला आणि पहिलं अक्षर सोडून चारही हिरवी, म्हणजे जागेसकट बरोबर! आता काय, माइट, नाइट, राइट, फाइट... संपल्या संधी. उत्तर होतं 'एट'. आठ! बालवाडीतला शब्द. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजीत हरलं की जरा जास्तच लागतं.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "लाइट, माइट हे यमक झालं. ते कानाला कळतं. खिळा कानाला लावून जुळवत नाहीत."

छापखान्यात जुळारी म्हणून, छपाईच्या अक्षरांचे धातूचे खिळे एकेक करून जुळवण्यात जन्म काढलेला माणूसच असं बोलू शकतो. मेणबत्तीच्या उजेडात तुम्ही लाइटबिलाच्या पाठीवर आय-जी-एच-टी हे शेपूट लिहिलंत आणि म्हणालात, आता याच्यापुढे ए पासून एकेक अक्षर मांड, मनात म्हणू नकोस. पाचव्याच ओळीला ई आला. माझा सगळा दिवस ज्यात गेला, ते तिथे नुसतं उभं होतं.

मग ए-टी घेतलं. बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, रॅट जिभेवर होतेच. 'ईट' आणि 'ओट' मात्र कागदावरच भेटले. देवनागरीत लिहिलं की हे शेपूट दिसेनासंच होतं. ईट आणि कॅट एका घरचे आहेत असं कोण म्हणेल? ओ-यू-जी-एच तर निव्वळ आचरटपणा. टफ, कॉफ, डो, थ्रू, चारांचं शेपूट एक आणि आवाज चार. (त्यातल्या खोकल्याला मी शाळेत 'कफ'च म्हणायचे. अर्थ तरी जुळायचा.)

तुमच्यामुळे पुढचंही सुचायला लागलं. परवा पुन्हा तेच आय-जी-एच-टी आलं, तेव्हा मी लाइट-माइटच्या मागे धावले नाही. मुद्दाम 'फिल्म्स' टाकला. उत्तर तो असणारच नव्हता, पण एफ, एल, एम आणि एस ही चार अक्षरं एका फटक्यात तपासून झाली. 'हार्ड मोड' लावला तर ही पळवाट बंद असते, कारण सापडलेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात. मी तो लावत नाही.

आणि तुम्ही सांगितलेली ती केसची, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीची गोष्ट. मराठीच्या केसमध्ये जोडाक्षरांची घरंच घरं, इंग्रजीत मात्र ई चं घर सगळ्यात मोठं आणि क्यू चं एवढंसं. मी नंतर स्क्रॅबलचं, म्हणजे पटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायच्या खेळाचं, वाचलं. मंदीच्या काळात काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने तो खेळ रचला. कुठलं अक्षर किती लागतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली. त्याच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत, क्यू एकच, आणि त्या क्यू ला 10 गुण. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मोजत कशाला बसला? कुठल्याही जुळाऱ्याला विचारायचं, त्याने केस दाखवली असती."

त्याच खेळातला एक शब्द तुमच्यासाठी राखून ठेवलाय. पटावर ए-टी पडलेलं असलं, की त्याच्या आधी क्यू लावता येतो. मागे यू लागतच नाही. उच्चार 'कात'च्या जवळचा, पण आपला विड्यातला कात नव्हे. येमेनमध्ये आणि पूर्व आफ्रिकेत या झुडपाची पानं गालात धरून चघळत बसतात. तुमच्या तंबाखूच्या डबीवर काकू रागावल्या तर हे सांगून बघा.

रविवारी पट घेऊन खाली येते. लाइटबिल मी परत दिलेलं नाही, ते माझ्या पाकिटातच आहे. भरलं होतंत ना?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची