मेणवलीच्या काकांना वसईहून थँक्यू

काका, नमस्कार. नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून नुसतं काका.

आम्ही खरं तर नाना फडणवीसांचा वाडा उरकून पाचगणीला पळणार होतो, पण तुम्ही गाडीचा नंबर बघून विचारलंत वसईचे का, मग तुमच्या गावची वस्तू न बघता कुठं निघालात, आणि सरळ घाटावरच घेऊन गेलात. वसईच्या चर्चमधली म्हणतात ती घंटा एवढी दांडगी असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही मोबाईलचा टॉर्च तिरका धरलात तेव्हा कुठे नीट दिसलं, मरियामाता, बाळ येशू आणि साल १७०७. औरंगजेब गेला तेच साल, हेही तुम्हीच बोललात. मम्मीने तिथेच क्रूसाची खूण केली, शेजारी मेणेश्वराचं देऊळ, खाली कृष्णामाई, आणि तुम्ही तिचं होईपर्यंत गप्प उभे राहिलात. त्याबद्दल वेगळं थँक्यू.

आम्ही किल्ल्यात खेळत मोठे झालो. चिमाजीअप्पांचं स्मारक, पोर्तुगीजांवरचा १७३९ चा विजय, सगळं शाळेपासून पाठ, सेंट जोसेफचा पडका मनोरा पण कायमचा बघण्यातला, पण या चर्चमधल्या घंटा गेल्या कुठे हे कधी डोक्यातच आलं नाही. नाशिकची नारोशंकराची घंटा ऐकून होते, भीमाशंकरला पण पोर्तुगीज घंटा आहे हे तुमच्याकडूनच कळलं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते तुमचं सालांचं गणित. नानांचा जन्म १७४२ चा, मेणवली त्यांना मिळाली १७६८ ला, मग वसईहून १७३९ ला निघालेली घंटा मधली तीसेक वर्षं होती कुठे? बाकी सगळे बिनधास्त सांगतात की अप्पांनीच आणून इथे टांगली, तुम्ही तसं काही ठोकून दिलं नाहीत, उलट मलाच म्हणालात तू शोध. शोधतेय काका, नानांच्या मेणवली दप्तराबद्दल वाचायला सुरुवात केलीय, मोडीचा क्लास पण लावलाय (घरचे हसतायत, हसू देत).

मम्मीने सुकेळी पॅक केलीयत, कुरियरने येतील. आणि काकूंना घेऊन वसईला याच, किल्ला मी दाखवते, फक्त रविवारी नको, प्री-वेडिंग शूटवाल्यांची जत्रा असते नुसती.