देवमाशाच्या समुद्रावर ये

मालवण,
डिसेंबर

प्रिय वृंदा,

तुझं पत्र मिळालं. सईला देवमासा बघायचाय म्हणून श्रीलंकेत मिरिस्साला जायचं चाललंय, आणि शेवटी हळूच विचारलंयस, "तुमच्या मालवणात दिसतो का गं?" हो-नाही एवढ्यात उत्तर संपलं असतं, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा. तेव्हा सविस्तर वाच.

मिरिस्साला निळा देवमासा दिसण्याची शक्यता खरंच जास्त. तिथे किनारा सोडून थोडं आत गेलं की तळ एकदम खोल होतो, आणि मोठे देवमासे त्या खोल पाण्याच्या कडेने येतात. आपल्याकडे समुद्र लांबवर उथळच राहतो. मालवणपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक हे प्रवाळांचं बुडालेलं पठार आहे, ते या उथळ पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला. पर्यटकांच्या फायबर होड्या तिथवर जात नाहीत. त्यामुळे "सकाळी निघू, देवमासा बघून न्याहारीला परत" असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नकोस.

पण म्हणून आपला समुद्र रिकामा नाही हं. 2015 साली देवगडजवळ कुणकेश्वरसमोर संशोधकांना निळे देवमासे दिसले, पिल्लासकट! पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि तो कुणकेश्वराच्या देवळासमोरच्या पाण्यात. त्याच वर्षी रेवदंड्याला एक किनाऱ्याला लागला, लोकांनी जिवाचं रान केलं, तरी गेला. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू वाळूत रुतलं होतं, ते तुला आठवत असेल. गावकरी, वनखातं, सगळे त्याच्यावर पाणी ओतत होते. बोटीने ओढून खोल पाण्यात सोडलंही, पण ते जगलं नाही. ती बातमी वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

आणि लुबान! ही हंपबॅक जातीच्या देवमाशातली मादी. ओमानच्या किनाऱ्यावर 2017 मध्ये तिला उपग्रहाचा टॅग लावला, तर ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे आली. इतर हंपबॅक दरवर्षी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरायला जातात. हे अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत, बारमाही इथलेच. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी त्यातले 242 मारले. आता ओमानच्या बाजूला शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. मालवणच्या धक्क्यावर उभी राहिले की हे आकडे आठवतातच.

आता होडीचं. परवा मालवणजवळच्या देवबागहून डॉल्फिन बघायला गेले होते. पहाटेचा मतलई वारा अजून वाहत होता, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी अगदी सपाट. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, होडी नदीच्या मुखाबाहेर काढून मशीन बंद केलं आणि म्हणाला, "घाई करू नकात. श्वास घेवक तेंका वर येवकच लागता." बसलो गप्प. डोळ्यांआधी कानाला कळलं: मागच्या बाजूला "फुस्स". वळले तोवर करडी पाठ पाण्याखाली जात होती. पाठीच्या मध्यावर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा त्रिकोणी पर. हा आपल्या किनाऱ्याचा कुबडवाला डॉल्फिन, जगभरात संकटात आलेला. मग मोठ्या पाठीला अगदी चिकटून छोटी पाठ वर आली, पुन्हा खाली. आई आणि पिल्लू. श्वासाबरोबर उडालेले बारीक तुषार उन्हात स्पष्ट दिसले, इतक्या जवळ. आणि डॉल्फिनही देवमाशांच्याच कुळातला, दातवाल्या देवमाशांच्या शाखेतला. सईला हे आधीच सांगून ठेव.

मग दुसऱ्या होड्या आल्या. एक पाठ दिसली की तिघी-चौघी तिकडे धावायच्या, वरून पर्यटकांचा आरडाओरडा, "अजून जवळ घ्या, उडी मारायला लावा!" ते दोघं बुडी मारून गेले ते लांब, मोकळ्या समुद्राकडे. माझा जीव तुटला. डॉल्फिन आवाजावर जगतो. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो मासे शोधतो, पिल्लाला हाक मारतो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने धावतो. चारी बाजूंनी मशीनं घरघरत असतील तर आईने पिल्लाला शोधायचं कसं? होडीवाल्यांना मी एकट्यांना दोष देणार नाही. डॉल्फिन दिसला नाही की पैसे परत मागणारी गिऱ्हाइकं आम्हीच पाठवतो. इथला मच्छीमार तर जाळ्यात अडकलेलं कासव सोडायला स्वतःचं जाळं कापतो. 2018 च्या शेवटी राज्य सरकारने त्यासाठी 25 हजारांपर्यंत भरपाई सुरू केली, ते फार बरं झालं.

म्हणून सांगते, मिरिस्सा पुढच्या वर्षीही आहे. यंदा इकडे या. संक्रांतीच्या आसपास पाणी शांत असतं. उजाडताच निघायचं, कारण दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटांत पाठ ओळखू येत नाही. होडी आपल्यापुरतीच घेऊ आणि तांडेलाला आधीच सांगू की पाठलाग नको, लांब थांबायचं, नाही दिसला तरी पैसे पूर्ण. हे ऐकून त्याचा चेहरा कसा खुलतो ते तूच बघ. पिल्लू दिसलं तर मी होडी मागे घ्यायला लावणार, सई रुसली तरी.

दुर्बीण असेल तर आण. सईला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा कुडता घाल. तिच्या वजनाचा आकडा मला कळव, मापाचं लाइफ जॅकेट इथे बघून ठेवते. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलांच्या गळ्यातून वर सरकतं. आणि येण्याची तारीख लवकर ठरव, म्हणजे परवाच्याच तांडेलाला सांगून ठेवता येईल.

तुझी,
शुभदा