विकलेली गाडी, न उतरलेलं नाव

प्रति,
मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी अ‍ॅक्टिव्हा मी २०१९ साली विकली. परवा तिने कोल्हापुरात सिग्नल तोडला. त्याआधी ती ट्रिपल सीट फिरली, विनाहेल्मेट तर नेहमीच. सासरी दिलेल्या लेकीची खुशाली यावी तशी तिची खबर मला मोबाइलवर येते, फक्त दंडासकट.

चूक माझीही आहे, हे आधीच कबूल करते. जुन्या गाड्यांच्या एका दुकानदाराने टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, माझ्या सह्या घेतल्या, तेव्हा घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. ‘मॅडम, गिऱ्हाईक आलं की नाव टाकतो, पंधरा दिवसांत गाडी नावावर होते,’ असं तो म्हणाला आणि त्याने एक डिलिव्हरी नोट हातात ठेवली. अमुक तारखेपासून, इतक्या वाजल्यापासून अपघात, दंड, पोलिस केस यांची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची, असं तिच्यावर लिहिलं आहे. पॉलिसीच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी ती जपली.

चलनं वाढली तेव्हा ती पिशवी घेऊन वकिलांकडे गेले. ते म्हणाले, ‘हा कागद तुमच्या आणि त्याच्यातला. उद्या गाडीने कुणाला उडवलं, तर उडालेल्या माणसाला याच्याशी काय देणंघेणं?’

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५० सांगतं, की गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. न कळवल्याचा दंड कलम १७७ खाली पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० रुपये. दंड एवढासा, म्हणून कुणी मनावर घेत नाही. खरी गोम कलम २ (३०) मध्ये आहे : ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली, तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे आहे, याला तिथे जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच लावून धरलं. गाडी २००७ साली विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलले, अपघात २००९ मध्ये झाला आणि भरपाई आली ती नोंदीवरच्या पहिल्या मालकावर. निकाल वाचून आधी मला राग आला. मग वाटलं, न्यायालयाचं बरोबर आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याने काय एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गाडीचा माग काढत हिंडायचं?

विमा चालू असेल तर निदान कंपनी भरपाई देते. पण जो गाडी नावावर करून घेत नाही, तो पॉलिसी तरी का भरेल? माझ्या गाडीची २०२० सालीच संपली. म्हणजे उद्या काही घडलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस थेट माझ्या दारात, आणि वसुली माझ्याकडून. दुकानदारावर दावा लावून ती रक्कम परत मागता येईल म्हणतात. दुकान आता बंद आहे. आणि कुणा अल्पवयीन पोराने ती चालवून अपघात केला, तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९-अ आहेच. त्यात मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं मालकावरच!

हे सगळं कळल्यावर उशिरा का होईना, मी गाडी विकल्याची सूचना देणारा नमुना २९ भरून आरटीओत गेले. आवक शिक्का मिळाला. गाड्यांच्या नोंदीच्या ‘वाहन’ पोर्टलवर मात्र मालक मीच. खिडकीवरचे साहेब म्हणाले, ‘नाव बदलायचं तर घेणाऱ्याला आणा.’ घेणारा कोण, हे माहीत असतं तर मी कशाला आले असते?

महोदय, माझं दुखणं नेमकं इथे आहे. विकणाऱ्याने कळवावं असं कायदा म्हणतो, पण त्याने कळवलेलं फायलीत राहतं. नोंद हलते ती घेणाऱ्याच्या मर्जीने. विकणाऱ्याची सूचना आली की त्याच दिवशी ‘वाहन’वर त्या गाडीपुढे ‘विक्रीची सूचना प्राप्त’ असा शेरा तारखेसह दिसू द्या. पुढचं चलन फाडणाऱ्या हवालदाराला तो दिसला, तर गाडी तिथेच अडवून चालवणाऱ्याला कागद मागता येतील. पोर्टल केंद्राचं आहे, ठाऊक आहे. पण राज्याने मागितलं तर केंद्र निदान ऐकेल. माझ्या अर्जाला कोण विचारतो?

दुसरं तर तुमच्याच हातात आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं, विकणाऱ्याने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं नमुना २९-सी मधून कळवावं आणि तिथून पुढे तोच मालक मानला जावा, असे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. माझ्यासारखीला हवं होतं ते हेच. गेल्या महिन्यात आमच्या गावात मी पाच दुकानं फिरले. अधिकारपत्र एकाकडेही नव्हतं. २९-सी म्हटल्यावर एकाने विचारलं, ‘ते बसचं तिकीट आहे का?’ टीटी फॉर्म मात्र पाचही जणांकडे होते, गठ्ठ्याने, सह्या केलेले, कोरे.

त्या गठ्ठ्यांवर ज्यांच्या सह्या आहेत, ते आज घरी निवांत झोपले असतील. आपल्या आरटीओ निरीक्षकांना एकदा या दुकानांत पाठवा, अधिकारपत्र मागायला लावा आणि ते कोरे फॉर्म ताब्यात घ्यायला सांगा.

माझ्या आवक शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
मिरजेची एक निवृत्त शिक्षिका,
विकलेल्या अ‍ॅक्टिव्हाची आजही मालकीण