वहीतली औषधांची ओळ

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा सापडेपर्यंत संध्याकाळ होईल.

आधीच सांगते, रागावू नका. ह्या महिन्यापासून दर ५ तारखेला आईच्या खात्यात ४ हजार येणार आहेत. बँकेत सांगून झालंय, आता "कशाला गं" नको. माझी काही ओढाताण होत नाहीये. बाबांसारखा मी पण रोजचा खर्च लिहायला लागलेय, मोबाईलवर, आणि दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरून एक कोथिंबिरीची जुडी मागवताना सोबत चिप्स, आइस्क्रीम आणि वर डिलिव्हरी चार्ज असं किती जातंय ते बघून डोळेच फिरले, क्यूआर स्कॅन केला की नोट मोडावी लागत नाही ना, त्यामुळे गेलेलं जाणवतच नाही. न बघितलेल्या ओटीटीचे पैसे तर आपोआप कटत होते. ते सगळं बंद केलं, त्यातलेच हे आहेत. जेवणखाण नीट चालू आहे माझं, आई, डबा नेते रोज.

आता खरं कारण. दिवाळीत लाईटबिलाची पावती शोधायला बाबांनी वही दिली होती ना, ती चाळत बसले. दुधाचे खाडे, २०२३ ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून वाढलेल्या आईच्या कोल्हापूरच्या फेऱ्या (मावशीकडे कशाला ते आपल्याला माहितीये), मजा येत होती. मग औषधांच्या ओळी दिसल्या. आधी दर महिन्याला १५ गोळ्यांच्या दोन पट्ट्या, गणपतीनंतर एकच. बाबा, बीपीची गोळी रोजची आहे. एक दिवसाआड घेताय ना? आणि गणपतीतच पिल्लूची सायकल लिहिलीय. पेन्शन किती येते ते मला माहितीये हो, मी काही बोलत नाही.

लहानपणी माझ्या कुल्फीचे पैसे तुम्ही "स्टेशनरी" म्हणून लिहायचात, आईला कळू नये म्हणून. आई, तुला कळायचं ना? मला अजून ती वही उघडली की तुमच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं.

पण गोळ्यांचं चालणार नाही. बीपी वाढलं तरी डोकं दुखतंच असं नसतं, त्यामुळे "मला काही होत नाही" हे बंद. चौकातल्या मेडिकलवाल्यांशी बोललेय, महिन्याच्या दोन्ही पट्ट्या ते घरी पाठवतील, पैसे आईने ह्या ४ हजारांतून द्यायचे. जनऔषधीत बरंच स्वस्त पडतं, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. बाबांना सत्तर पूर्ण झालीत तर आयुष्मान वय वंदना कार्ड पण काढून घ्या, आधार घेऊन जा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात त्यात, पण ते ॲडमिट झाल्यावर, रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. म्हणून तर हे ४ हजार.

आई, रात्री गोळी घेतली की वहीत टिक करून घे, तुझ्यासमोर गिळायला लाव. शनिवारी व्हिडिओ कॉलवर मी ते पान बघणार आहे. आणि बाबा, हे पैसे जमेला लिहा, "लेकीचे उसने" असं लिहिलेलं दिसलं तर मी स्वतः येऊन खोडणार.

तुमची,
छकुली